तालमीचा एकच फोटो, आणि तो फ्लेक्स, हँडबिल, स्टेटस तिन्हीत बसवायचा

प्रकरण गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा-देसाईगंजच्या आजूबाजूच्या एका गावातलं आहे. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या भागात, दिवाळीची मंडई (गावची जत्रा) सुरू झाली की होळीपर्यंत गावोगावी रात्रभर नाटकं चालतात. वडशाच्या नाटक कंपन्यांची नाटकं गावं बुक करतात. २०२३ साली झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीचं नाव बाहेरच्या लोकांनीही ऐकलं. पण कंपन्यांच्या जोडीला गावच्या हौशी मंडळांची नाटकंही असतात. पोरं घरची, फक्त नायिका वडशाहून मानधनावर आणलेली. अशाच एका मंडळाचा सचिव माझ्या डीटीपीच्या दुकानात आला. पोरगा हुशार, मोबाईल हातात खेळवणारा, पण फोटो एडिटिंग शिकलेला नाही. काम एवढंच होतं की तालमीतला एक फोटो तीन ठिकाणी वापरायचा: आठ बाय सहा फुटांचा फ्लेक्स, ए-फाइव्ह आकाराचं हँडबिल आणि व्हॉट्सॲप स्टेटस.

"भाऊ, फोटो मीच कापून आणला, तुमी फक्त बसवून द्या न जी."

हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे, कारण क्रॉप करणं, म्हणजे फोटोचा हवा तेवढा भाग ठेवून बाकीचा कापणं, सगळ्यांना येतं असं सगळेच धरून चालतात. बोटाने चौकटीचे कोपरे ओढले की झालं. पण चौकट कुठे थांबवायची, हे फोटो कुठे लागणार, किती मोठा लागणार आणि कोण बघणार यावर ठरतं. त्याने आधी कापलं आणि जागा नंतर बघितली. बहुतेक नवशिके असंच करतात.

काय आणलं होतं

फोटोत समाजमंदिरापुढे पाच पात्रं उभी आहेत. डावीकडून घरगडी, विनोदी नट, नायक, नायिका आणि खलनायक. खलनायकाने काठी डोक्याच्या वर उगारलेली. घरगड्याचं काम करणारा पोरगा बाकीच्यांपासून हातभर अंतर सोडून उभा. उजव्या कडेला मंडळाचे अध्यक्ष अर्धेच आले आहेत, आणि त्यांच्या मागे लांब हापसीवर (हातपंपावर) दोन बाया पाणी भरताहेत. खाली चपला, चहाचे कप. वर आभाळ.

सचिवाने यातून फक्त नायक-नायिका ठेवून बाकी सगळं उडवलं होतं. मोबाईलवर ते छान दिसतही होतं. मी फाईलचा तपशील उघडला तर रुंदी ६०० पिक्सेल, म्हणजे फोटो ज्या बारीक ठिपक्यांचा बनतो ते आडवे फक्त ६००. फोटो काढला होता त्याच्या मित्राने, याच्याकडे तो व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून आलेला. तिथेच त्याचा आकार उतरून १६०० बाय १२०० झाला होता, आणि त्यातून त्याने दोघांपुरता तुकडा काढला.

आता हिशेब बघा. फ्लेक्सवर फोटोची पट्टी आठ फूट रुंद, म्हणजे ९६ इंच. त्यात ६०० पिक्सेल पसरले तर इंचाला जेमतेम सहा येतात. आठ फूट म्हणजे सुमारे २४४० मिलिमीटर, म्हणून एकेक पिक्सेल चार मिलिमीटरचा, लाखोरीच्या डाळीच्या दाण्याएवढा होतो. नायिकेच्या डोळ्यात असे किती दाणे मावतील? मोबाईलचा पडदा अडीच-तीन इंच रुंद असतो. तेवढ्यात ६०० पिक्सेल दाटीवाटीने बसतात, म्हणून तिथे चकाचक दिसतं. पडद्यावर बरा दिसला म्हणजे छपाईत बरा येईल हा समज मी रोज ऐकतो, आणि तो खोडल्याशिवाय पुढचं काहीच शिकवता येत नाही.

त्याने एक उपायही शोधून आणला होता. "एचडी करून देते" म्हणणारं एक ॲप. त्यातून फोटो मोठा झाला होता, चेहरे गुळगुळीत, पापण्या रेखीव. पण नायिका दुसरीच कोणी वाटत होती. अशी ॲपं फोटोत नसलेला तपशील अंदाजाने रंगवतात. झाडाच्या पानांना ते एकवेळ चालेल. ज्या बाईच्या चेहऱ्यावर लोक तिकीट काढणार, तिचा चेहरा असा बदलून छापणं मला साफ नामंजूर आहे. तिच्यावर तो अन्याय आहे आणि प्रेक्षकांचीही फसवणूक आहे.

आधी मूळ फाईल

म्हणून पहिलं काम कापण्याचं नव्हतंच. ज्या फोनमध्ये फोटो काढला त्या मित्राला फोन लावला आणि तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितला. व्हॉट्सॲपमध्ये जोडणीच्या खुणेवर दाबून गॅलरीऐवजी डॉक्युमेंट निवडलं की फाईल आहे तशी येते. आली ती ४००० बाय ३००० पिक्सेलची, म्हणजे १२ मेगापिक्सेल. व्हॉट्सॲपच्या प्रतीपेक्षा रुंदीत अडीच पट, आणि एकूण पिक्सेल सव्वासहा पट.

ती फाईल 'मूळ' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली आणि काम तिच्या प्रतीवर सुरू केलं. हे नवशिक्याने डोळे झाकून पाळावं. काही फोनच्या गॅलरीत क्रॉप केल्यावरही मूळ फोटो परत आणता येतो, काहींत सेव्ह केलं की तो गेलाच. आपला फोन कोणत्या जातीचा आहे हे लग्नाच्या फोटोवर तपासू नये. शिवाय जेपीईजी, म्हणजे फोनच्या फोटोंची नेहमीची, फाईल उघडून, कापून पुन्हा सेव्ह केली की ती दरवेळी नव्याने आवळली जाते. हा प्रकार फोटोचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडून प्रत्येकातला बारीक तपशील कमी करतो, म्हणून फार आवळलेल्या फोटोत गालावर फरशीसारखे चौकोन उमटतात. तीन आकार हवेत तर तिन्ही वेळा मुळापासून निघायचं. फ्लेक्ससाठी कापलेल्यातून हँडबिल, हँडबिलातून स्टेटस अशी उतरंड लावू नये. स्क्रीनशॉट काढून तो कापणं त्याहून वाईट, कारण स्क्रीनशॉटमध्ये पडद्यावर मावतील तेवढेच पिक्सेल राहतात.

सरळ करणं कापण्याच्या आधी

फोटो उजवीकडे कललेला होता. सचिवाने तो सरळ न करताच कापला होता, आणि त्याच्या तुकड्यात नायक पडतो की काय असं वाटत होतं. कोणती रेघ सरळ धरायची हा इथला खरा प्रश्न. फोटोच्या कडेला विजेचा खांब होता, तो जास्तच वाकडा दिसत होता. त्याला धरून फोटो फिरवला असता तर समाजमंदिर दुसऱ्या बाजूला कललं असतं. फोन थोडा वर किंवा खाली झुकवून फोटो काढला की कडेच्या उभ्या रेघा आपोआप तिरप्या होतात. म्हणून मधली उभी रेघ प्रमाण मानायची. समाजमंदिराचा खांब नायकाच्या मागेच होता, तो धरला. तीन अंश फिरवावं लागलं.

फिरवल्यावर चारही कोपऱ्यांत रिकामे त्रिकोण उरतात आणि ते कापूनच काढावे लागतात. तीन अंशांत ४००० बाय ३००० चा फोटो सुमारे ३७४४ बाय २८०८ वर येतो. बाजूंत सहा टक्के, क्षेत्रफळात बारा टक्क्यांच्या वर गेलं. आधी घट्ट कापून नंतर सरळ केलं असतं तर हीच कात्री काठीच्या टोकावर किंवा नायिकेच्या खांद्यावर चालली असती. फिरवणं आधी, कापणं नंतर, ते एवढ्याचसाठी.

फ्लेक्सची चौकट

फ्लेक्स आठ बाय सहा फूट. वरचे दोन फूट मंडळाचं नाव, नाटकाचं नाव, तारीख आणि तिकिटाचे दर. खालची आठ बाय चार फुटांची पट्टी फोटोला. म्हणजे प्रमाण दोनास एक. क्रॉपच्या साधनात हे प्रमाण कुलूपबंद करता येतं. मोबाईलच्या गॅलरीत सहसा १:१, ४:३, १६:९ असे तयार पर्याय मिळतात. दुकानात मी गिम्प हे फुकट मिळणारं फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर वापरतो, त्यात हवं ते प्रमाण टाकून चौकट बांधता येते. प्रमाण न बांधता हाताने कापलं की पट्टीत फोटो बसत नाही. मग तो ताणला जातो आणि माणसं बुटकी-जाडी होतात. गावात लागलेल्या निम्म्या फ्लेक्सवर हेच दिसतं.

किती पिक्सेल पुरतील? हँडबिल हातात धरून वाचतात, तिथे इंचाला ३०० पिक्सेलचा नेम ठेवतात. फ्लेक्स चौकात उंचावर लागतो. दहा फुटांवरून साधारण चांगल्या नजरेला इंचाला तीसच्या आसपास ठिपके वेगळे दिसू शकतात, त्याहून दाट असले तर एकजीव दिसतात. म्हणजे ९६ इंचांसाठी २९०० पिक्सेल रुंदी मिळाली तर भागतं. आमच्याकडे ३७४४ होती. मोकळीक होती, पण उधळायला नव्हती.

पहिली चौकट सचिवानेच बसवली. ३००० बाय १५००. वर काठीचं टोक सुटायला नको म्हणून डोक्यांच्या वर अडीचशे पिक्सेल सोडले. ते बरोबर. काठी ज्या टोकाने मारायला उगारली आहे तेच टोक कापलं तर खलनायक हात वर करून उभा असल्यासारखा दिसतो. पण वर जागा दिल्यावर खालची कड मांडीच्या वरच्या भागात आली आणि नायकाच्या खाली सोडलेल्या हाताची बोटं छाटली गेली. त्याच्या ते लक्षात आलं नव्हतं. चेहऱ्यांकडे बघत कापलं की खालच्या कडेकडे नजर जात नाही. मी त्याला म्हटलं, "आता चेहरे सोड. चौकटीच्या चारही कडांवरून एकेकदा बोट फिरव, आणि कडेवर काय तुटतंय ते मला सांग."

बोट फिरवताना त्याला तीन गोष्टी सापडल्या. नायकाची बोटं, विनोदी नटाच्या धोतराच्या सोग्याचं टोक, आणि उजवीकडून आत डोकावणारं अध्यक्षांचं कोपर. मग खालची कड उतरवत नेली. गुडघ्यावर थांबायचं नाही. गुडघा, घोटा, मनगट, कोपर, मान अशा सांध्यावर कड आली की तो अवयव तिथेच संपल्यासारखा वाटतो. मांडीच्या मध्यावर कड आली तर बघणारा उरलेला पाय मनाने पूर्ण करतो. ३३०० बाय १६५० वर सगळं जुळलं. बोटं आत, सोगा आत, कड मांडीच्या मध्यावर. इंचाला ३४ पिक्सेल. रुंदीतले जे साडेचारशे गेले, त्यातले बहुतेक उजवीकडून घेतले. त्यात अध्यक्ष गेले आणि हापसीवरच्या बायाही.

त्या बायांबद्दल मला जरा जास्त बोलावं लागलं. पाणी भरायला आलेल्या बायांनी नाटकाच्या फ्लेक्सवर झळकायला होकार दिला नव्हता. कोणी ओळखो न ओळखो, त्या बाहेर गेल्याच पाहिजेत. सचिव म्हणाला की मी तर हँडबिलाच्या कच्च्या मसुद्यात त्यांना आधीच कापलं होतं. मसुदा वर्डमध्ये होता आणि ती वर्ड फाईल त्याने मंडळाच्या ग्रुपवर टाकली होती. मी ती उघडली, चित्रावर क्लिक करून क्रॉप दाबलं, आणि हापसी, बाया, अध्यक्ष सगळे परत हजर! वर्डमधलं क्रॉप चित्राचा भाग फक्त झाकतं. कॉम्प्रेस पिक्चर्समध्ये जाऊन कापलेला भाग पुसण्याचा पर्याय वापरला तरच तो जातो. २०२३ मध्ये गूगलच्या पिक्सेल फोनमधल्या मार्कअप साधनातही असा दोष उघडकीला आला होता. कापून सेव्ह केलेल्या स्क्रीनशॉटचा कापलेला भाग काही अंशी परत काढता येत होता, नंतर तो दुरुस्त झाला. आधार कार्ड, बँकेचं पासबुक असलं काही कापून पाठवायचं असेल तर कापलेलं खरंच गेलं का हे तपासावं. ग्रुपवरची ती फाईल सर्वांसाठी डिलीट करायला लावली.

घरगड्याचं काय करायचं

फोटोच्या बांधणीचा विचार केला तर घरगडी अडचणीचा होता. तो बाजूला उभा, मधे मोकळी जागा. त्याला काढलं असतं तर उरलेले चौघे घट्ट बसले असते, चेहरे मोठे झाले असते आणि पिक्सेलही जास्त पुरले असते. सचिवाने पहिल्या तुकड्यात दोघांनाच ठेवलं त्यामागेही मोठ्या चेहऱ्यांचाच विचार होता, आणि तेवढ्यापुरता तो बरोबर होता.

मी मात्र घरगड्याला ठेवायच्या बाजूने होतो. हौशी मंडळात पोरगा महिना-महिना तालमीला येतो ते मानधनासाठी नाही. फ्लेक्स चौकात लागला की त्याची आई तो बघायला येणार. कंपनीच्या जाहिरातीत दोन मोठे चेहरे चालतात, तिथे नावावर बुकिंग होतं. गावच्या मंडळाच्या फ्लेक्सवर सगळी पात्रं दिसली पाहिजेत असं माझं ठाम मत आहे. फोटोची पट्टी दोनास एक अशी आडवी धरण्याचं कारणही हेच. चारास तीनच्या चौकटीत पाचही जण घेतले असते तर वर आभाळ आणि खाली चपला आल्या असत्या. आडव्या पट्टीत घरगड्याला जागा मिळाली आणि मधली मोकळी जागाही अर्थपूर्ण वाटू लागली. मालकांच्या भांडणाकडे दुरून बघणारा गडी. नाटकातही तो तसाच आहे, हे सचिवानेच मला सांगितलं.

एक गोष्ट सुधारली नाही. तो अगदी कडेला असल्याने त्याचा चेहरा जरा रुंद आला होता. फोनचं भिंग रुंद कोनाचं असतं, कडेची माणसं त्यात पसरतात. कापण्याने पसरलेला चेहरा आवळत नाही. विनोदी नटाच्या डोळ्यांवर टोपीची सावली होती, तिलाही क्रॉपचा उपाय नाही.

राहिले अध्यक्ष. अर्धं कोपर ठेवण्यापेक्षा त्यांचा वेगळा पासपोर्ट फोटो मागवून तो हँडबिलावर अध्यक्ष-सचिवांच्या चौकटीत घेतला. अर्धा माणूस ठेवला तर त्याचाही अपमान आणि फोटोचीही वाट. या तोडग्यावर अध्यक्ष खूश होते.

हँडबिल

इथे काम सोपं होतं. ए-फाइव्हवर छापता येणारी रुंदी साडेपाच इंच धरली. फ्लेक्ससाठी बांधलेली तीच चौकट मुळावर पुन्हा लावली तर इंचाला ६०० पिक्सेल मिळतात, गरजेच्या दुप्पट. खरं सांगायचं तर व्हॉट्सॲपच्या प्रतीतूनही हँडबिल बरं निघालं असतं. तेवढाच भाग तिच्यात साधारण १३२० पिक्सेल रुंद येतो, म्हणजे इंचाला २४०. तीच प्रत फ्लेक्सला लावली असती तर इंचाला १४. एकच फाईल एका कामाला पुरते आणि दुसऱ्याला तोकडी पडते, हे आकडे शेजारी मांडल्यावर सचिवाला पिक्सेलचं गणित कायमचं कळलं.

खाली पाच पात्रांचे गोल चेहरे हवे होते. झाडीपट्टीच्या हँडबिलांची ती रीतच आहे. गोलासाठी आधी एकास एक चौकोन कापायचा. मूळ फोटोत एकेक डोकं सुमारे ३०० पिक्सेल उंच होतं, म्हणून ६०० बाय ६०० चे चौकोन घेतले. चौकोनाचे कोपरे गोलात जातात, हे धरून चेहऱ्याभोवती जागा सोडावी, नाहीतर फेटा किंवा केस गोलाच्या कडेवर आपटतात. आणि पाचही डोकी एका मापाची हवीत, डोळे एका रेघेत, वरून साधारण एक तृतीयांशाच्या थोडं खाली. सचिवाने नायिकेचा चेहरा मोठा आणि विनोदी नटाचा लहान कापला होता. मुद्दाम नाही, प्रत्येक चौकोन नजरेच्या अंदाजाने ओढला म्हणून. खलनायक उजवीकडून आत बघत होता, त्याच्या नजरेच्या बाजूला थोडी जास्त जागा सोडली. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, धावत्या जोडीचा फोटो कापतानाही बैलांच्या पुढची जमीन ठेवतात, तेच इथे.

स्टेटस

स्टेटसचा पडदा उभा, नऊस सोळा. सरळ केलेल्या फोटोची पूर्ण उंची घेतली तरी रुंदी १५८० पिक्सेलच येते. त्यात दोन माणसं मावतात, तिसऱ्याचा खांदा कापला जातो. सचिवाचा हट्ट होता की इथे तरी नायक-नायिकाच घेऊ. तो हट्ट अगदी चुकीचा नव्हता, पण मी म्हटलं की फोटो कापूच नको. १०८० बाय १९२० चा रिकामा उभा कागद घे, त्यावर पाच जणांची तीच आडवी पट्टी रुंदीभर बसव. ती १०८० बाय ५४० होते. वर-खाली १३८० पिक्सेल उंची उरते, त्यात नाटकाचं नाव, तारीख, ठिकाण मोठ्या अक्षरात. स्टेटस काही सेकंद दिसतं, तेवढ्यात लोकांना तारीख वाचता आली पाहिजे. त्याने दोन्ही करून बघितलं आणि आडवी पट्टीवालंच टाकलं.

फ्लेक्स चौकात लागला, हँडबिलं मंडईत वाटली गेली. पुढच्या नाटकाचे फोटो काढताना सचिवाने मित्राला चार पावलं मागे उभं केलं, पात्रांच्या दोन्ही बाजूंना आणि डोक्यावर जागा सोडायला लावली, कडेच्या पात्राला आत घेतलं आणि मित्राला हापसीकडे पाठ करून उभं राहायला सांगितलं. फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवली, सोबत लिहिलं: फ्लेक्स दहा बाय आठ, फोटोची पट्टी दहा बाय पाच, पात्रं सात. सात पात्रं आणि पट्टी दोनास एक म्हणजे माणसं दाटीने उभी करावी लागणार. ती त्याने केली होती, फक्त मागच्या रांगेतल्या दोघांच्या हनुवट्या पुढच्यांच्या फेट्यांआड गेल्या आहेत, आणि तो फोटो पुन्हा काढायला मी त्याला सांगितलं आहे.